तेल न लागणारं चाक

माझे बाबा, गुणाजी घाडी, लोअर परळच्या एका गिरणीत एकतीस वर्षं यंत्रांना तेल घालत होते. सूत कातायच्या रिंग खात्यात हजारो चात्या, आणि एकही कोरडी पडू नये हे बघणारा हा माणूस. चाती कोरडी पडली की आधी कुरकुरते, मग किंचाळते, असं ते सांगायचे. गिरणी गेली, सवय राहिली. आमच्या चाळीत एक बिजागर कोरडं नाही, एक पाळणा कोरडा नाही. बायका चिडवतात, "गुणाजी आले, साड्या सांभाळा."

आणि अशा माणसाची मुलगी मी, पद्मजा, नऊ वर्षं काम करते ते तेल न लागणाऱ्या बेअरिंगवर. नशिबाला विनोद सुचतात हे मान्य, पण ते माझ्यावरच करून बघायची काही गरज नव्हती.

आमचा गाळा चाळीपासून चालत सात मिनिटांवर, एका जुन्या औद्योगिक वसाहतीत. मी आणि माझा सहकारी वरद, असे दोघंच. यंत्र दिसायला पिंपाएवढं. आत तीस किलोचं चाक, मधल्या दांड्यासकट. त्याच्या बुडाला चुंबक, आणि खाली काळ्या, पाटीच्या तुकड्यांसारख्या वड्या. या वड्यांवर द्रव नायट्रोजन ओतला, त्या उणे दोनशेच्या आसपास गार झाल्या, की अतिवाहक होतात आणि वरचं चाक अधांतरी धरून ठेवतात. कशालाही न टेकता. मग पिंपातली हवा काढून टाकायची आणि चाक फिरवायचं. मोटरला वीज देऊन फिरवलं की ती वीज चाकात साठून राहते, हवी तेव्हा परत घ्यायची. टेकतच नाही तर झिजणार काय, आणि अडणार कशाला.

बाबांना हे मी शंभर वेळा समजावलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तसा आसात. पण तेलाशिवाय चाक फिरता काय गो?"

यंदा खंडेनवमीला ते पूजेचं ताट घेऊन गाळ्यावर आले. गिरणीत त्या दिवशी साचे, म्हणजे यंत्रं, पुसून, हार घालून, नारळ फोडत. शेवटी प्रसाद माणसांना आणि दोन थेंब तेल यंत्राला. हा मान तेलवाल्याचा, म्हणजे एकतीस वर्षं बाबांचा. मी म्हटलं, "हार, कुंकू सगळं बाहेरून. झाकणाच्या आत काही नाही." त्यांनी मान डोलावली. रबराची नवी रिंग बसवायची म्हणून झाकण उघडंच होतं. तेवढ्यात मला फोन आला आणि मी गॅलरीत गेले. चार मिनिटं, फार तर पाच.

संध्याकाळी आम्ही झाकण बंद केलं. दसऱ्याला दिवसभर पंप चालला आणि त्यानंतरच्या दिवशी सकाळी समिती आली. ज्या सरकारी योजनेतून आमचं काम चालायचं, तिची तीन माणसं. प्रमुख सुचित्रा मॅडम. याआधी दोनदा मुदत वाढवून मिळाली होती. ही शेवटची चाचणी. चाकाला मिनिटाला बारा हजार फेऱ्यांचा वेग द्यायचा, वीज बंद करायची आणि सहा तास सोडून द्यायचं. वेग शंभरात दोनपेक्षा जास्त घटला नाही तर पुढची पाच वर्षं आमची. घटला तर गाळा रिकामा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. लेकीचं यंत्र बघायला आले होते, त्यांना नको कसं म्हणणार?

पहिला अर्धा तास सगळं छान. मग पिंपातला दाब चढू लागला. आधी वाटलं, रिंग नीट बसली नाही. वरद सगळे जोड तपासून आला. कुठेच गळती नव्हती. दाब चढतोय म्हणजे आतच काहीतरी वाफ होऊन उडत होतं. त्या वाफेला घासून वेग घसरत होता. दोन टक्के आम्ही पाऊण तासातच हरलो.

माझा चेहरा बघून बाबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "घाबरा नको. परवा तू फोनवर होतीस ना, तेव्हा मी दोन थेंब सोडलंय. मधल्या दांड्याक. चांगला तेल, शिलाई मशीनचा."

वरदने ऐकलं. मीही ऐकलं. त्या क्षणी मला बाबांचा इतका राग आला की हातातला पाना खाली ठेवावा लागला. मोटर तापली, दांडा तापला आणि ते चांगलं तेल पिंपभर झालं. आता काही होणार नव्हतं. पंपाला ते झेपत नव्हतं. अशा अर्धवट हवेत तारांमध्ये ठिणगी पडते, म्हणून ब्रेकसाठीची वीजही बंद ठेवावी लागली. झाकण उघडलं तर वेगातलं चाक हवेच्या धक्क्याने डगमगून फुटेल. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही आमच्या हातून नाही.

सुचित्रा मॅडम चांगल्या बाई होत्या. कागद पुढे ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "पद्मजा, बाहेरचं काही कारण असेल तर सांगा. कोणाच्या हातून काही झालं असेल, तर नियमाप्रमाणे चाचणी पुन्हा घेता येते. फक्त त्या व्यक्तीचा लेखी जबाब लागेल, आत्ता, आमच्यासमोर."

वरद माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं. बाबांना चहा आणायला पाठवून बोलता आलं असतं. पण चहा आणल्यावर त्यांच्यापुढे कागद ठेवावाच लागला असता. मी गुणाजी घाडी लिहून देतो की माझ्या तेलामुळे माझ्या मुलीचं यंत्र बिघडलं. एकतीस वर्षांत ज्या माणसाच्या तेलाने एक चाती बिघडली नाही, त्याने वयाच्या पंचाहत्तरीत हे लिहून सही करायची.

"कारण कळलेलं नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली, मग वरदने. माझ्या नऊ वर्षांबरोबर त्याचीही सहा वर्षं त्या कागदावर गेली, आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही. ही लाज मला आजही आहे.

समिती गेली, पण चाक फिरतच होतं. याला काय म्हणायचं? न अडणारं चाक बनवलं, आता ते अडवायचं कशाने? आपोआप थांबायला संध्याकाळ होणार होती, आणि तोवर वड्या गार ठेवणं भाग होतं. तापल्या की चाक सुटून खाली आदळलं असतं. म्हणून संपलेल्या यंत्राला आम्ही तासातासाला नायट्रोजन पाजत बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चार वाजता वरद पिशवी उचलून, "येतो," म्हणून गेला.

बाबांनी तेव्हा विचारलं, "नापास केलानी?"

"हो."

"कारण काय म्हणाले?"

"कळलं नाही म्हणाले."

ते बराच वेळ पिंपाला कान लावून उभे राहिले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. टेकतच नाही तर आवाज कुठून येणार? त्यांना मात्र काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक माझी झाली गो."

मला रडू फुटलं. वाटलं, कळलं यांना. आता मला एकटीला हे सांभाळायला नको.

"दोनच थेंब घातलंय," ते म्हणाले. "एवढा मोठा चाक, दोन थेंबांनी काय होणार? पुढच्या वेळेक सांग, नीट भरून घालतंय."

मी डोळे पुसले आणि हो म्हटलं. मग नायट्रोजनची नळी उघडली, कारण चाक अजून तीन हजारावर होतं.