दगडातल्या तांबडीची शीळ

दोन लांब, एक तुटकी. ती शीळ चाळीस वर्षं कानेंगच्या कानातून गेली नव्हती. खडकांच्या फटीत राहणारी तांबडी, ती इवलीशी लाल चिमणी, घालते तशीच, पण माणसाच्या ओठांची. एका दुपारी ती ऐकून सोळा वर्षांची कानेंग निवडुंगाच्या कुंपणातून सरपटत टेकडीवर गेली होती, ग्यांगबरोबर पळून जायला. खडकाआड ग्यांग नव्हताच. तिचे तिघे काका उभे होते. महिन्याभरात दावूशी तिचं लग्न लागलं.

ही खूण तिघांनाच ठाऊक. ती, ग्यांग आणि शीळ शिकवणारी मैत्रीण ल्योप. ल्योप दावूची बहीण, म्हणजे मग नणंदच झाली. लग्नात ती कानेंगपेक्षा जास्त रडली होती. तिच्यावर कोण संशय घेणार? काकांना घाबरून खूण सांगितली ती ग्यांगनेच, असं धरून कानेंगने त्याच्या घराची वाटही सोडली. दावू गेला, तरी सोडलेलीच.

आज सकाळी ग्यांगची नात येऊन गेली. "आजोबांचं आता काही खरं नाही. तुमच्या हातची अच्याची पेज मागतायत."

कानेंग आणि ल्योप, दोघी म्हाताऱ्या, खडकावर अचा धूत बसल्या. खसखशीहून बारीक दाणा. वाळू तळाला बसेपर्यंत भोपळ्याच्या भांड्यात हेलकावत राहायचं.

"एवढा अचा कुणासाठी गं, वहिनी?"

"माझ्यासाठी."

"पोट आहे की कणगी?"

"तुझ्या तोंडापेक्षा लहानच आहे."

ल्योप हसली नाही. "नातीचं बोलणं ऐकलं मी. ग्यांगला पेज नेऊन दे ना. एकदाच."

"त्याला? वाळू घालीन त्याच्या तोंडात!"

सांडलेल्या दाण्यांवर तांबडी उतरली. तेवढ्यात वरच्या झुडपातून तिचीच शीळ आली. तिथे बसला होता काळा पक्षी. तांबडीच्या घरट्यात वाढतो, तिच्या चोचीतलं खातो आणि सूरही तिचाच उचलतो.

"बघ मेल्याला," कानेंग म्हणाली. "अगदी ग्यांगसारखा."

ल्योपच्या हातातलं भांडं कलंडलं. धुतलेला अचा पुन्हा वाळूत गेला. ती गोळा करायला वाकली नाही.

"कानेंग," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिने वहिनीला नावाने हाक मारली नव्हती. "ग्यांग संध्याकाळी येणार होता गं. आलाही होता. दुपारची शीळ मी घातली. काकांना खडकाआड मीच बसवलं. तू लांब निघून गेली असतीस... मला तू माझ्या घरात हवी होतीस."