दादाच्या हाताची मूठ

मी मूठ बोलतेय. धनुष्य नव्हे, धनुष्याची मूठ. धनुष्य म्हटलं की माणसांच्या माना वळतात. मूठ म्हटलं की 'ती होय, धरायची जागा' असं म्हणून पुढे जातात. अहो, आमचं धनुष्य तीन तुकड्यांचं. मधे मी, हातभर लांबीचं लाकूड, वर एक पातं आणि खाली एक पातं. स्क्रूने आवळायची, काम झालं की सोडवून पिशवीत टाकायची. वाकतात पाती, म्हणून कौतुक सगळं पात्यांचं. ताण मात्र येऊन बसतो तो माझ्यावर आणि मला धरणाऱ्या हातावर.

मला घडवलं दादाने. दादा खुर्च्या करतो. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला फळीवर बसवायचं, पाठीचा बाक बघायचा, गुडघ्याची उंची बघायची आणि मगच लाकडाला करवत लावायची, ही त्याची रीत. "खुर्चीने माणसाच्या मापाचं व्हायचं, माणसाने खुर्चीच्या नव्हे," हे त्याचं पालुपद. गिऱ्हाइकं माना डोलवायची. मीही तेव्हा डोलवली असती, मान असती तर.

मला त्याने स्वतःच्या हातासाठी केलं. पंजा केवढा त्याचा! तळहाताला कोळशाची पूड चोळायचा, मला धरायचा, आणि जिथे काळं उमटेल तिथे कानस मारायचा. पुन्हा पूड, पुन्हा कानस. शेवटी मी त्याच्या हातात अशी बसले की कुठे लाकूड संपतं आणि कुठे माणूस सुरू होतो ते मलाही कळेना. खरं सांगते, तेवढं सुख पुन्हा मिळालं नाही.

मग जिन्यावरून कपाट उतरवताना त्याच्या खांद्यावर आलं. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या फळीवरचा डबासुद्धा आई काढून द्यायची, आणि काढताना मुद्दाम दुसरीकडे बघायची. मी दुकानातल्या खिळ्यावर गेले. कुणी विचारलं, "हे धनुष्य कुणाचं?" तर दादा म्हणायचा, "माझं. जरा खांदा बरा होऊ दे." खांदा बरा होणार नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायची कुणी?

मला खाली काढलं ते बारकीने. बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. दवाखान्यात जखमा बांधायचं काम करते. अंगाने बारकी, हाताने त्याहून बारकी, नजर मात्र घारीची. मैदानावर शिकवणाऱ्या बाईंनी तिचे बाण पाहिले आणि म्हणाल्या, "पोरी, तू संघात जाशील. आधी ही मूठ बदल. ही तुझ्या हाताची नाही."

नव्हतेच मी. ओझं तळव्याच्या उशीवर यायला हवं, ते तिच्या अंगठ्याच्या मुळावर यायचं. बोटं पुरायची नाहीत, म्हणून ती आवळून धरायची. आवळली की मी वळायचे आणि बाण डावीकडे जायचा. तिने काय करावं? निसटू नये म्हणून माझ्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली. आधीच जाड, त्यात अंगावर कोट! मग पट्टी काढली आणि कातड्याचा हातमोजा घालू लागली. बाईंनी स्वतःची मूठ वापरून बघायला दिली. हातात छान बसली हो, पण पात्यांची भोकं जुळेनात. दादाने भोकं आपल्या मनाने पाडलेली, जगात दुसऱ्या कुठल्या मुठीला ती जुळायची नाहीत.

एका दुपारी ती मला घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. तो एका म्हाताऱ्याच्या खुर्चीचा हात घासत होता. म्हाताऱ्याची बोटं वाकडी, म्हणून खुर्चीचा हातही तसाच वळवत होता.

"दादा, थोडी घासून दे ना रे हिला. माझी बोटं पुरत नाहीत."

"सवय होईल."

"इतके दिवस झाली नाही ती आता कशी होईल? अंगठा ठणकतो रे रात्रभर."

"हे बघ, लाकूड एकदा गेलं की परत येत नाही. उद्या खांदा सुटला की मी काय धरू?"

"मग मला वेगळी करून दे."

"देतो की. गिऱ्हाइकांचं उरकू दे जरा."

गिऱ्हाइकांचं कधी उरकतं का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एकदा तो बाहेर गेलेला असताना बारकीने स्वतःच कानस उचलली. मारली एकदा. माझी साल निघाली, आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात दारातून आई ओरडली, "अगं, काय करतेस! जीव अडकलाय त्याचा त्यात."

"आणि माझा हात?"

"तू समजूतदार आहेस ना!"

झालं. घरात एकाला समजूतदार ठरवलं की बाकीच्यांना मोकळं रान. बारकीने कानस जागेवर ठेवली. तो एक ओरखडा तेवढा माझ्या अंगावर राहिला. दादाने संध्याकाळी तो पाहिला आणि त्यावरून बोट फिरवलं. दुकान बंद झाल्यावर त्याने मला हातात घेतलं, कंबरेपर्यंत उचललं. त्याच्या वर मी गेलेच नाही. तेव्हा मला त्याची दया आली आणि संतापही आला. मला घासायचं म्हणजे आपण आता पुन्हा कधी बाण मारणार नाही, हे त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं.

संघाची निवड होती त्या सकाळी मैदान गच्च भरलं होतं. दादाही आला होता, नवा शर्ट घालून. बारकीचे पहिले बाण असे लागले की बाईंनी तोंडावर हात ठेवला. दादा शेजारच्याला सांगत होता, "मूठ बघितलीत का? माझ्या हातची आहे."

पुढचा बाण लावताना बारकीने मला नेहमीपेक्षा घट्ट आवळलं. तिने दोरी ओढली, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी जमिनीवर पडले. बाण कुठे गेला कुणी बघितलं नाही. बारकी ओरडलीसुद्धा नाही. तिने उजव्या हाताने मला उचललं, माती पुसली आणि रांगेबाहेर जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले, सांधा केव्हाचा झिजलेला आहे, इतके दिवस काय करत होतात? आता या हाताने जोराचं काम नाही, धनुष्य तर नाहीच. आईने पदर डोळ्यांना लावला. दादा भिंतीकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं आणि दार आतून लावून घेतलं. मला शिकंज्यात धरलं. तिचा हात पट्ट्यांत होता, माप कशाचं घेणार? तिचा तो कातडी हातमोजा आणला, त्यात भुसा ठासून भरला. त्याला कोळशाची पूड चोळली, माझ्यावर दाबला, काळं उमटलं तिथे कानस मारली. पुन्हा पूड, पुन्हा कानस. रडत होता आणि घासत होता. माझ्या अंगावरचा त्याचा सगळा हात भुकटी होऊन खाली पडला. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

पट्ट्या सुटल्यावर त्याने मला तिच्या हातात ठेवलं. "बघ बरं, बसते का."

तिने बोटं मिटली, अगदी हलकी. काय सांगू! तळव्याच्या उशीवर टेकले, अंगठ्याला शिवलेसुद्धा नाही. अशीच हवी होते मी तिला.

"बसते रे दादा," ती म्हणाली. "छान बसते." आणि तिने मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "आता तूच ठेव."

"बारके, मला वाटलं होतं..."

"लाकूड परत येत नाही म्हणायचास ना? हातही येत नाही रे."

ती दवाखान्यात निघून गेली. अजून जखमा बांधते, उजव्या हाताने आणि दातांनी पट्टी ओढून.

मी पुन्हा खिळ्यावर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "हे धनुष्य कुणाचं?" दादा आता म्हणतो, "धाकट्या बहिणीचं." हे वाक्य त्याच्या तोंडून निघायला एक सांधा जावा लागला. तुमच्या घरात कुणी 'मला हे बसत नाही' म्हणत असेल, तर बाबांनो, सवय होईल म्हणू नका. कानस असतेच घरात कुठेतरी.

माझं म्हणाल तर, त्याच्या हाताला मी आता लहान पडते. तिच्या हाताला नेमकी बसते, पण तो हात मला धरत नाही. खिळ्याचं बरं आहे. त्याला मी तेव्हाही चालत होते, आताही चालते.