कंपनीचा ड्रेस

"झटकल्याबिगर पाण्यात घालायला मी काय आळशी हाय?" गंगाबाई ठसक्यात म्हणाली.

साजगावच्या कारखान्यातला सुरक्षा अधिकारी अनुपम तिच्या ओट्यावर बसला होता. कारखान्यात नव्या जातीची पावडर बनायची, पिठाहून कितीतरी बारीक. तिच्यापासून कामगारांना जपायचं कसं, याचे नियम तो लिहायला बसला होता. म्हणून घरोघर विचारत फिरत होता, कंपनीचा ड्रेस कोण धुतं, कसा धुतं.

"माझा पोरगा प्रबुद्ध कामावरनं आला का ड्रेस दारातच काढायचा. मंग हितं उभी ऱ्हाऊन असा झटकते, समद्या आळीला ऐकू जातं. कारखान्याची घाण माझ्या घरात शिरत नाय, साहेब."

अनुपमचं पेन थांबलं. तो तिच्या नवऱ्याकडे बघू लागला. श्रीपतची खुर्ची ओट्यावरच असे. संध्याकाळचा चहाही तिथंच. जन्मात विडी न ओढलेला हा माणूस वर्षभर खोकत होता. आता अंगणातल्या नळापर्यंत जाईतो त्याला धाप लागे.

"आजी, ती पावडर हवेत उडते. दिसत नाही."

"दिसत नाय ती घाण कसली?" ती हसली. अनुपम हसला नाही, तशी तीही थांबली. "यांच्या छातीत तीच गेली का?"

"सांगता येत नाही. इथं तपासायची सोय नाही. किती गेली तर बाधते, तेही नक्की ठरलेलं नाही."

"मंग लिवताय काय?"

"ड्रेस कारखान्यातच धुवायचे, असं."

"कवापासनं?"

"वरून मंजुरी आली की."

"म्हंजे आमाला पोचवून झाल्यावर."

श्रीपत हसला, आणि हसू खोकल्यात बुडालं. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "चा ठेव गं साहेबाला. त्यानं काय केलंय?"

ती आत गेली. आधण उकळून आटलं तरी चहापूड टाकायचं तिला सुचलं नाही.

संध्याकाळी प्रबुद्धने ड्रेस काढला. तिने भरलेली बादली पुढे सरकवली. "हितंच बुडव. हळू."

खुर्चीतून श्रीपतने सवयीने बशी उचलली आणि कपावर पालथी घातली. ती झटकायला उभी राहिली की तो रोज चहा झाकायचा, धूळ पडू नये म्हणून.

"झटक की गं," तो म्हणाला. "झाकलाय मी."