टिडवेलसाहेबांचा ज

सबीने माइकमध्ये "या, या!" म्हणाली आणि मालिनीबाई तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठून तिच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय गं? बोलावलंस?"

सबीने ही त्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारी जर्मन मुलगी. तिला मराठी कुठून कळायला? ती नुसती हसली. काचेच्या खोलीत संवाद म्हणायला उभ्या असलेल्या टिडवेलसाहेबांनीच इंग्रजीत खुलासा केला, "बाई, ती तुम्हाला बोलवत नाहीये. ती मला 'हो, हो' म्हणतेय."

"हो म्हणजे 'जा' ना? माझ्या मुलानं मोबाइलवर लिहून पाठवलंय. जे, ए."

"लिहितात जे, पण म्हणतात 'या'."

आता बोला! सहा आठवडे मालिनीबाई कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईला "जा, जा" म्हणत होत्या आणि ती बिचारी पाव हातात धरून टकमक बघत राहायची. उत्कर्ष इथे न्युरेम्बर्गमध्ये एवढा मोठा इंजिनियर, पण आईला एक अक्षर धड सांगेल तर शपथ.

या स्टुडिओतही त्यांना उत्कर्षनंच धाडलं होतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरत होता, की एका मराठी सिनेमाच्या डबिंगसाठी उच्चार तपासणारं माणूस हवंय, एका दिवसापुरतं. साताऱ्याच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलेली आई घरात खिडकीशी बसून असते, तेवढाच तिचा वेळ जाईल. वेळ जात नव्हता हे खरंच होतं. मुलगा-सून ऑफिसात, आणि नात तनया शाळेतून आली की थेट आपल्या खोलीत. फिरायला निघताना बाई दारातून "येते गं" म्हणायच्या आणि आतून उत्तर यायचं, "च्युस." च्युस म्हणजे टाटा. तेही मान वर न करता. बाईंना त्या शब्दाचा राग यायचा आणि रडूही यायचं, पण सांगणार कुणाला?

बर्नार्ड टिडवेल सदुसष्ट वर्षांचे, जातिवंत इंग्रज नट. बायको जर्मन, म्हणून बावीस वर्षं मुक्काम इथेच. सकाळी कॉफी पिताना त्यांनी बाईंपुढे आपली कुंडली मांडली होती. इंग्रजी सिनेमात ते बटलर, हवालदार नाहीतर प्रेत झाले. तिघांनाही बोलायला काही नसतं. पोटासाठी आवाज विकला तो कार्टूनमधल्या साळिंदराला, विमानतळावरच्या सूचनांना आणि मोटारीतल्या 'डावीकडे वळा'ला. भारतात मात्र सात वेळा कलेक्टर झाले, आणि सातही वेळा मुंबईतल्या कुणीतरी त्यांच्या तोंडी "टुम लोग" घातलं.

"जिथे माझं तोंड दिसतं तिथे आवाज दुसऱ्याचा," ते म्हणाले होते, "आणि जिथे आवाज माझा, तिथे तोंडच नाही. चाळीस वर्षांत दोन्ही एका जागी आले नाहीत, बाई. या वेळी येऊ देत. यानंतर मला कोण बोलावणार आहे?"

मालिनीबाईंचं काळीज हललं. "येतील," त्या म्हणाल्या. "न येऊन करतात काय!"

माणूस मेहनती. सहा महिने घोकून सगळे संवाद पाठ करून आलेला. ध, ड, ण बाईंनी सकाळच्या दोन तासांत घोटून घेतले. आता राहिलं होतं एकच वाक्य, सिनेमातलं शेवटचं. कलेक्टर देश सोडून निघालाय. लहानपणी ज्या दाईनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, ती धुरपदा शेवटचं भेटायला बंगल्यावर आलीय. सिनेमाभर त्यानं तिला "तू हे कर, तू ते कर" म्हणून राबवलंय. ती पायऱ्या उतरू लागते आणि तो म्हणतो, "धुरपदा, अंधार पडतोय. जा." संपला सिनेमा.

आणि त्या 'जा'नं दावा मांडला होता.

"जगातला ज, साहेब, जन्मातला नव्हे! जीभ दातांना लावा." त्यांनी लावली, तर 'झा' आलं. मग 'ड्झा'. मग 'त्सा', तो बावीस वर्षांच्या जर्मनचा प्रसाद. एकवीस टेक झाले.

भिंतीवरच्या पडद्यावर मुंबईहून दिग्दर्शक सिद्धांत बघत होता. पोरगा जेमतेम तिशीचा, जागरणानं डोळे सुजलेले. "काकू, तुमच्या घड्याळात एक वाजेपर्यंत थांबतो. सिनेमा आजच्या आज पुढे जायचाय. मिमिक्रीवाला इथे येऊन बसलाय. आणि एका शब्दाला त्याचा आवाज लावला तर लगेच कळेल, म्हणजे मग सगळाच सिनेमा त्याच्या आवाजात."

पाऊण वाजून गेला होता.

बाई सकाळपासून एक गोष्ट गिळून बसल्या होत्या. 'आई, उच्चार तेवढे बघ, शहाणपणा शिकवू नकोस,' असं उत्कर्षनं बजावलं होतं. पण आता राहवेना.

"सिद्धांत, एक विचारू? निघालेल्या माणसाला तुझी आई 'जा' म्हणते का रे?"

"काकू, स्क्रिप्ट लॉक झालंय."

"कुलूप तू लावलंस, तर किल्लीही तुझ्याकडेच असेल. धुरपदेच्या मांडीवर वाढलेलं पोर ते. तिला हाकलतोय का तो? आपल्यात 'ये' म्हणतात."

सिद्धांतनं कपाळ चोळलं. म्हणाला, "पटतंय हो. पण शूट कधीच झालंय. त्यांचं तोंड 'आ' असं उघडतं. 'ये'ला ओठ जुळणार नाहीत."

तेही खरंच. दुसऱ्या पडद्यावर कलेक्टरचा चेहरा थांबवून ठेवलेला होता, तोंड चांगलं उघडं. बाई खाली बसल्या. काचेआड टिडवेलसाहेब मान खाली घालून 'जा, जा' पुटपुटत होते. त्यांच्याकडे बघवेना. आपण उगाच शब्द दिला या माणसाला, असं बाईंना वाटलं.

सबीनेनं घड्याळाकडे पाहिलं, माइक चालू केला आणि आणखी एकदा घ्यायचं का अशा सुरात साहेबांना विचारलं, "या?"

मालिनीबाई सवयीनं पुन्हा उठल्या. आणि अर्ध्यातच थांबल्या.

"अगं बाई! 'या'!"

"काकू, ती तुम्हाला नाही बोलवत..."

"कळलंय रे मला! 'ये' नको, 'या' म्हणू दे त्यांना. जन्मभर 'तू, तू' केलं, जाताना तरी म्हातारीला मान देईल की नाही? आणि तोंड बघ कसं उघडतं. आ!"

"आईशप्पथ," सिद्धांत म्हणाला.

बाई काचेजवळ गेल्या. "साहेब, बावीस वर्षं इथे सगळ्यांना जे म्हणताय तेच म्हणा. फक्त अर्थ 'हो' नाही. परत या, दार उघडं आहे, असा अर्थ."

साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. लाल दिवा लागला.

"धुरपदा, अंधार पडतोय." पडद्यावरच्या कलेक्टरनं पायऱ्यांवरच्या म्हातारीकडे पाहिलं. "या."

शब्द ओठांवर नेमका बसला. शेवटी आवाज जरासा कापला, ते काही बाईंनी शिकवलं नव्हतं.

सिद्धांतनं चष्मा काढून पुसला. "ओके. काकू, ओके. मिमिक्रीवाल्याला चहा पाजून घरी पाठवतो."

"हुश्श!" म्हणत बाईंनी शालीनं कपाळ पुसलं. एकाला सात मिनिटं कमी होती. टिडवेलसाहेब बाहेर आले ते सरळ बाईंच्या खुर्चीत धपकन बसले. हसत होते आणि डोळेही पुसत होते. "दोन्ही एका जागी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

बाईंची ट्राम दहा मिनिटांनी होती. साहेब दारापर्यंत पोचवायला आले.

"आता मी 'या' म्हटलं, की तुम्ही काय म्हणायचं?"

"'येते' म्हणायचं."

"पण तुम्ही तर चाललात."

"चाललेल्यानंच म्हणायचं असतं ते."

साहेबांनी क्षणभर विचार केला. कोट सारखा केला. मग कॅमेरा नाही, माइक नाही, तरी अगदी मनापासून म्हणाले, "या, मालिनीबाई."

सहा आठवडे बाईंच्या 'येते'ला कुणी जोड दिली नव्हती. "येते हं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्याच पायरीवर वळून पुन्हा एकदा म्हणाल्या, "येते."