अहो, पाय वर घ्या!

मी बोलतेय. हो, मीच, जिन्याखाली उभी असलेली ही तीन चाकांची मोटारसायकल. इतके दिवस गप्प बसले, पण आता माझ्याच्यानं राहवत नाही. आमच्या मालकांच्या डाव्या बुटाची टाच एकदा बघा. तिच्यावर माझ्या मागच्या चाकाची नक्षी उठलेली आहे, आणि ती काही एकदाच उठलेली नाही.

मालकांचा धंदा कुलपं उघडून देण्याचा. कुणी किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं, कुणाच्या कपाटानं हट्ट धरला, की यांना फोन येतो आणि हे निघतात. सगळे त्यांना चावीवाले म्हणतात. कसलंही कुलूप त्यांच्यापुढे हात टेकतं, स्वतःचं डोकं तेवढं त्यांना उघडता येत नाही.

जन्मानं मी दोनचाकी. दुकानात काचेआड उभी होते तेव्हा हे आणि यांची बायको मला बघायला आले होते. नवीनच लग्न झालेलं. हे वाकवाकून इंजिन बघत होते. बाईंनी मात्र मागची सीट दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "मऊ आहे. हीच घ्या."

बाई शिवणकाम करतात. एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत त्यांचं मशीन आहे. सकाळी आधी बाईंना मशीनपाशी सोडायचं, मग दिवसभर कुलपं, संध्याकाळी पुन्हा बाईंना घ्यायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. वळण आलं की हे झुकायचे, बाई झुकायच्या, मी झुकायचे. कुणी कुणाला सांगायला लागत नसे. घरून तणतणत निघालेले असले, एकमेकांशी अक्षर बोलत नसले, तरी वळणावर दोघं झुकायचे ते एकाच बाजूला. मला त्याची फार गंमत वाटायची.

मग यांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. यांनी अर्थातच काणाडोळा केला. एक दिवस मोठ्या चौकातल्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. वेग नाही, घाई नाही, नुसते उभे. यांनी नेहमीसारखा डावा पाय टेकला आणि त्या पायानं दगा दिला. मी आडवी झाले. बाईंचं मनगट माझ्याखाली सापडलं. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. "तुम्हाला लागलं का हो?" एवढंच विचारलं त्यांनी.

मनगट जुळलं, पण कात्री जोरात दाबली की अजून कळ येते. तेव्हापासून बाई बसनं जायला लागल्या. "मला बस बरी पडते," म्हणाल्या. दोन बस बदलायच्या, कपड्यांची जड पिशवी खांद्याला, आणि म्हणे बरी पडते! पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आत धातू बसवला, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दोनचाकी आता विसरायची."

हे दोनचाकी विसरले नाहीत. मलाच तीनचाकी करून आणलं. यांचा शाळेपासूनचा मित्र गॅरेज चालवतो. त्यानं माझा मागचा भाग उतरवला, रुंद आस बसवला, एकाची दोन चाकं केली, मागे जायची सोयसुद्धा केली. पुढून मी तीच, मागून सोफ्याएवढी ऐसपैस. काम चालू असताना यांनी एकच गोष्ट बजावली. "सीट बदलू नकोस. तिला तीच आवडते." तेव्हा मला कळलं की हा सगळा खटाटोप कशासाठी आहे.

दोघांचीही दुरुस्ती झाली, पण शिकले मी एकटी. तीन चाकांची गाडी झुकत नाही, हे मला पहिल्या वळणातच समजलं. हँडल वळवलं तर वळते, नाही तर नाकासमोर जाते. यात न समजण्यासारखं काय आहे? पण आमचे चावीवाले! वळण आलं की हे अंग टाकणार डावीकडे आणि हँडल धरणार सरळ. हे डावीकडे लोंबकळतायत, मी सरळ निघालेय, आणि समोर कुंपण. पहिल्या आठवड्यात, सरावाला जायचो त्या बंद गोदामाच्या आवारातलं सगळं झुडूप मी तोंडानं छाटलं.

दोन गाड्यांच्या फटीतून पुढे घुसायची यांची जुनी हौस. पुढचं चाक जातं हो, पण मागे माझं बूड येतंय त्याचं काय? एका दूधवाल्याच्या गाडीचा आरसा घेऊन आलो आम्ही. रस्त्यातला खड्डा पुढच्या चाकानं चुकवायचा आणि मागच्या चाकानं बरोबर त्यात जायचं, यात तर यांचा हात कुणी धरणार नाही. मागे जायची सोय आहे, तर हे खाली उतरणार आणि पुढून मला ढकलत बसणार. समोरच्या इस्त्रीवाल्यानं एकदा हटकलंच, "काका, बाळाची सायकल मोठी झाली वाटतं!" हे हसले, पण घरी येईपर्यंत कान लाल होते.

या सगळ्यावर कडी म्हणजे तो पाय. थांबायची वेळ आली की यांचा डावा पाय खाली. अहो, मी पडत नाही! तुम्ही झोप काढलीत तरी पडणार नाही! पण मी पुरती थांबायच्या आतच हे पाय टेकणार. मग पाय राहतो मागे आणि माझं मागचं चाक चढतं टाचेवर. हे कळवळतात, मला शिव्या घालतात. गॅरेजवाल्यानं समजावलं, ओरडून पाहिलं, पेट्रोलच्या टाकीवर रंगानं ठळक 'पाय वर' असं लिहूनसुद्धा दिलं. काडीचा फरक नाही. माझा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी एका संध्याकाळी हे टाच चोळत इथेच, जिन्याच्या पायरीवर बसले आणि मित्राला फोन लावला. "विकून टाक रे तिला. मला नाही जमत. आइस्क्रीमवाला विचारत होता ना? दे त्याला. मागची सीट काढून पेटी बसवायची असेल तर बसवू दे." आणि जरा थांबून म्हणाले, "तशीही रिकामीच असते."

बाई तेव्हा बसवरून येऊन जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. बाई खाली आल्या त्या डोक्यात हेल्मेट घालून. म्हणाल्या, "चला गोदामापाशी. मला शिकवा."

"तुला? तू आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाहीस!"

"म्हणूनच म्हणतेय."

आवारात बाई पुढच्या सीटवर बसल्या. क्लच सोडताना दोनदा मला बंद पाडलं, तिसऱ्यांदा निघालो. वळण आलं. बाईंनी काय केलं असेल? हँडल वळवलं! बस्स, एवढंच! मी वळले. मला रडूच यायचं बाकी राहिलं. फेरी मारून त्या यांच्यापुढे येऊन थांबल्या, दोन्ही पाय जागच्या जागी.

हे बघतच राहिले. "तू पाय नाही टेकलास?"

"कशाला टेकू? पडते का ही?"

मग बाईंनी यांना मागे बसवलं. यांच्या जन्मात हे कधी कुणाच्या मागे बसले नव्हते. पहिल्याच वळणावर हे सवयीनं असे कलले, की बाई ओरडल्या, "अहो, सरळ बसा! कुठे निघालात?" आणि थांबताना मागूनसुद्धा यांचा पाय जमिनीकडे निघाला. मागे बसलेल्या माणसाचा पाय! मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

बाईंनी गाडी बंद केली. मागे न बघता विचारलं, "हे काय चाललंय तुमचं?"

यांनी डावा गुडघा चोळला. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी हा पाय टिकला नाही ना. आता थांबलो की वाटतं, तू पडशील."

मला वाटायचं ही नुसती सवय आहे. इतके दिवस मी त्या पायाला नावं ठेवत होते, आणि तो बिचारा दर सिग्नलला बाईंना सावरायला धावत होता. सीट रिकामी असली तरी.

बाई उतरल्या. "व्हा पुढे," म्हणाल्या. हे पुढे सरकले. बाई मागे बसल्या, त्यांच्या त्याच मऊ सीटवर. "आता त्या चौकात चला."

"त्याच?"

"त्याच."

चौकात सिग्नल लाल होता. हे थांबायला लागले आणि डावा पाय खाली जायला निघाला. तेवढ्यात मागून बाईंचा हात आला, तोच दुखरा हात, आणि यांच्या गुडघ्यावर टेकला. जोर नव्हता त्यात, नुसता ठेवला होता. पाय जागेवरच राहिला. मी थांबले. कुणी पडलं नाही.

आइस्क्रीमवाल्याला नाही म्हणून कळवलं. बाईंची पिशवी आता सीटमागे नव्यानं बसवून घेतलेल्या छोट्या पेटीत असते. त्या बसलेल्या असल्या की पाय वर राहतो. हे एकटे असले की मात्र अजूनही चारातून एकदा टाच माझ्या चाकाखाली येते, आणि वळणावर हे अजूनही कलतात. इतकं सांगूनसुद्धा! बाई, तुम्ही रोज बसत जा, एवढंच माझं मागणं आहे.

आणि तुम्हाला म्हणून सांगते. कधी त्या चौकात हिरवा दिवा लागला आणि तुमच्यापुढे एक तीनचाकी तशीच उभी दिसली, तर समजा की आमचे चावीवाले आपल्या न टेकलेल्या पायाकडे कौतुकानं बघत बसले आहेत. मागून हॉर्न वाजवा, खुशाल वाजवा. मीही वैतागलेलीच असते. पण आम्ही पडत नाही.