थर्झाचा पाट

आमच्या खोऱ्यातल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचा एक संघ आहे. त्याला अध्यक्ष आहे, चिटणीस आहे, आणि जानेवारीत वार्षिक सभा असते, जिथे कोणी कोणाशी खरं बोलत नाही. मग चहा. वसंतात नवशिक्यांचं शिबिर. मे महिन्यात बसची सहल. जग समुद्र बघायला जातं, आमचे लोक दुसऱ्या गावांचे मनोरे बघायला जातात. जूनमध्ये स्पर्धा. नोव्हेंबरात लढाईत मेलेल्यांसाठी वाजवायचं. पुन्हा जानेवारी, पुन्हा चहा. मला हे पाठ आहे, कारण माझी बायको क्लॅरिस पहिली घंटा वाजवते. मी वाजवत नाही. मी चर्चच्या आवारातलं गवत कापतो आणि ऐकतो.

आमच्या थॉर्नकूम गावच्या मनोऱ्यात सहा घंटा. पहिली सगळ्यात हलकी, सहावी सगळ्यात जड. एकामागून एक त्यांचे ठोके सारख्या अंतराने पडले पाहिजेत, आणि सहावी पडली की लगेच पुन्हा पहिली. गाडीचं चाक फिरावं तसं. या सहावीचा दोर थर्झा येलंडकडे होता, बापाचा खांदा निकामी झाला तेव्हापासून. थर्झा बुटकी. बापाने तिच्यासाठी सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, जुन्या पिंपाच्या फळ्यांचा पाट केला होता, त्यावर उभी राहून ती वाजवायची. तिच्या पायांनी तो पाट मधोमध खोलगट झाला होता. गावातल्या निम्म्या लोकांना दोर धरायला तिनेच शिकवलं. आमचा कप्तान ऐवर टोझर त्यातलाच. शाळकरी पोर असताना तो दोराबरोबर वर उचलला गेला, तेव्हा त्याचे पाय धरून त्याला खाली ओढणारी हीच.

स्पर्धा दर वर्षी वेगळ्या गावात होते. यंदा ती आमच्याकडे आली. आपल्या मनोऱ्यात, आपल्या घंटांवर ढाल जिंकायची, हे ऐवरचं जन्माचं स्वप्न. आणि थर्झा म्हातारी झाली होती. सहावी किंचित मागे पडायची. किंचितच, पण परीक्षकाचे कान त्यासाठीच असतात.

नियम असा, की त्या मनोऱ्याचा सभासद असेल तोच स्पर्धेत त्या गावाकडून वाजवणार. जानेवारीच्या सभेत ऐवरने एक्सेटरच्या जाइल्स फॅरंटला आमचा सभासद करायचा ठराव मांडला. ताडमाड माणूस, जड घंटांसाठी नावाजलेला. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. सगळ्यात पहिला हात थर्झाचा.

तिला वाटलं, तो हेडलीच्या जागी येतोय. आमचा हेडली दुसरी घंटा वाजवतो आणि गुडघ्याच्या नावाने रडतो. "हा गेला की दुसरीवर कोण?" असं ती वर्षभर विचारत होती. सभेनंतर सँडविच खाता खाता ती क्लॅरिसला म्हणाली, "सुटला बिचारा हेडली. आता गुडघ्याला शेक देत बसू दे."

हेडली शेजारीच उभा होता. त्याने केकचा दुसरा तुकडा उचलला. त्या दिवसापासून त्याने लंगडणं सोडून दिलं.

परतताना क्लॅरिसने ऐवरला गाडीपाशी गाठलं. "तिला सांग."

"सांगतो गं."

"कधी?"

"ईस्टर होऊ दे. सणाच्या तोंडावर कशाला?"

ईस्टर झाला. शिबिर झालं, तिथे थर्झाने दोन नव्या बायकांना दोर शिकवला, आणि ऐवर म्हणाला, आज ती खुशीत आहे, आज नको. ज्या दिवशी ती खुशीत नसायची, त्या दिवशी म्हणायचा, आज तिचं मन ठीक नाही. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात. मी याला भित्रेपणाला केलेली इस्त्री म्हणतो.

सहलीच्या बसमध्ये थर्झा मुद्दाम जाइल्सच्या शेजारी बसली. त्याला पेपरमिंट दिलं. म्हणाली, "आमची दुसरी तुला खेळण्यासारखी वाटेल रे. एवढ्या मोठ्या माणसाला एवढीशी घंटा. हसशील."

जाइल्सने तोंडातली गोळी या गालातून त्या गालात फिरवली आणि मागे वळून ऐवरकडे पाहिलं. ऐवर खिडकीतून मेंढ्या बघत होता. जन्मभर ज्याने मेंढ्याच पाळल्या, त्याला मेंढ्यांत एवढं काय दिसलं देव जाणे.

"चहानंतर बोलतो तिच्याशी," त्याने क्लॅरिसला खूण केली. चहा झाला. स्कोनच्या गोड पावावर साय, सायीवर जॅम, सगळं यथासांग झालं. बोलणं राहिलं.

"मग तूच सांग ना," मी क्लॅरिसला घरी म्हणालो.

"मी कप्तान आहे का?"

"नाहीस. पण तोंड तर आहे."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. थर्झाशी मात्र रोज बोलत होती, हवेबद्दल.

स्पर्धेच्या दिवशी ऊन चांगलं होतं. गावोगावचे घंटावाले गवतावर पसरले होते. परीक्षकांना समोरच्या घराच्या मागच्या खोलीत पडदे ओढून बसवलं होतं, म्हणजे कोणतं गाव वाजवतंय ते दिसू नये. आमची पाळी आली. थर्झा निळा इस्त्रीचा ब्लाउज घालून, तळहातांना खडूची पूड चोळत, मनोऱ्याच्या पायऱ्या चढली.

वर काय झालं ते क्लॅरिसने सांगितलं. जाइल्स सहाव्या दोरापाशी उभा होता. पाट त्याने पायाने भिंतीशी सरकवला होता आणि वर आपलं जाकीट टाकलं होतं. थर्झाने पाटाकडे पाहिलं. मग हेडलीकडे, जो दुसरा दोर धरून दोन्ही पायांवर ठणठणीत उभा होता. मग ऐवरकडे. ऐवर आपल्या दोराची गाठ बघत होता.

तिने जाकीट उचललं, घडी घातली, खुंटीला अडकवलं. पाट काखेत घेतला. "इथे तुमच्या पायात येईल," म्हणाली, आणि खाली आली.

मी दारातच होतो. "दे इकडे, जड आहे," मी म्हणालो.

"तुला गवत आहे," ती म्हणाली.

पाट घरी ठेवून ती परत आली आणि सभागृहात सगळ्या गावांना चहा ओतत राहिली. आमच्या लोकांनाही. कोणाला साखर किती, कोणाला दूध किती, तिला न विचारता ठाऊक होतं.

निकाल खालून वर वाचतात. आमचं नाव दुसरंच आलं. म्हणजे शेवटून दुसरं. मुख्य परीक्षक उठून म्हणाला, "या गावाची सहावी घंटा आज दिवसभरातली सगळ्यात सुरेख. एक चूक नाही. पण पहिली प्रत्येक फेरीला अडखळते. कशाची वाट बघते, समजत नाही."

क्लॅरिसने हातातली बशी खाली ठेवली. सहावीनंतर पहिली येते, आणि पहिली तिची. तिला कळलं. ऐवरलाही कळलं. थर्झाची सहावी किंचित मागे पडायची, म्हणून माझी बायको किंचित थांबायची, तिच्यामागोमाग बाकीचे थांबायचे. वर्षानुवर्षं हे सगळे त्या बाईसाठी जागा करत आले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. हातांना होता. तिला काढलं, तरी हात जागा सोडतच राहिले. इतकी माया हातात असून एकाच्याही जिभेवर एक वाक्य येऊ नये?

थर्झा किटली घेऊन उभी होती. तिनेही ऐकलं. "आणखी कोणाला हवाय?" तिने विचारलं.

ती परत मनोऱ्यात आली नाही. जाइल्सही आला नाही. तो स्पर्धेपुरता माणूस. ऑक्टोबरात ऐवर आमच्या दारात आला, टोपी हातात. "नोव्हेंबरला सहावीवर कोणी नाही. क्लॅरिस, तू जरा थर्झाकडे जाशील?"

"तू जा की," मी म्हणालो. "घर ठाऊक आहे तुला. लहानपणी तिथेच जेवायचास."

तो गेला नाही. क्लॅरिस गेली. थर्झाने तिला आत घेतलं, चहा दिला. पाट परसदारी होता, त्यावर कांदे वाळत घातले होते.

"थर्झा, आमचं चुकलं गं," क्लॅरिस म्हणाली.

"काढलंत त्याचं काही नाही," थर्झा म्हणाली. "मला ठाऊक होतं मी मागे पडते ते. तुम्ही सांगायचा अवकाश होता, त्या लांबड्याच्या हातात दोर मी स्वतः दिला असता. आपली सहावी कुठे हट्ट करते, तेही सांगितलं असतं. तुम्ही मला हात वर करायला लावलात." मग परसदाराकडे हात करत म्हणाली, "कांदे ने थोडे. माझ्या एकटीला किती लागणार?"

नोव्हेंबरात, लढाईत मेलेल्यांच्या रविवारी, घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडं बांधतात. एक ठोका मोकळा, पुढचा जमिनीखालून आल्यासारखा. पाचच घंटा वाजल्या. मी फाटकापाशी पानं गोळा करत होतो. थर्झा काळा कोट घालून आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. आत गेली नाही.

वर पाच घंटा पडायच्या, मग रिकामी जागा, मग पुन्हा पहिली. एक मोकळी फेरी, एक दबकी फेरी, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ती जागा. थर्झाचे हात कोटाच्या खिशात होते. त्या जागेपाशी दर वेळी तिचे खांदे थोडे खाली यायचे.

"बरं वाजवतायत," मी म्हणालो. आमच्या गावची हवा मलाही लागलेलीच आहे.

"क्लॅरिस फार थांबते," ती म्हणाली. "सांग तिला. आता थांबायचं कारण नाही."

ती गेल्यावर मी फाटक लावून घेतलं. घरी गेल्यावर मी ते क्लॅरिसला सांगितलं नाही.

जानेवारीच्या सभेत अध्यक्षांनी थर्झा येलंड यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभाराचा ठराव मांडला. सगळे हात वर. तिचं नाव सोनेरी अक्षरांत लिहून चौकटीत बसवलेलं मानपत्र ऐवरच्या हाती दिलं, तिला नेऊन द्यायला. ते अजून त्याच्या व्हॅनमध्ये पुढच्या काचेशी आहे. उन्हाने अक्षरं उडत चालली आहेत. रोज सकाळी मेंढ्यांकडे जाताना तो तिच्या घरावरून जातो. तिथे आला की व्हॅन हळू करतो. मग पुन्हा वेग घेतो.