उझैरची मरणं

अमेरिकेला जाऊन लोकांची पोरं डॉलर कमावतात. अन्वरीचा उझैर तिथे जाऊन मरायचा. गेला होता इंजिनीअर व्हायला, झाला नट. बाप हनीफ, दुबईपलीकडच्या फुजैराच्या बंदरावर तेलाच्या जहाजांत हयात घालवलेला माणूस. त्याने महिनाभर अबोला धरला, आणि मग स्वतःच मोबाइलवर पोराचे सीन गावभर दाखवत सुटला. उझैरला तिकडचा पासपोर्टही मिळाला. पण तिथल्या लेखकांना त्याचा चेहरा दिसला की गोळ्या झाडायची हुक्की का येई, कोण जाणे. आधी तो अतिरेकी म्हणून मेला, मग टॅक्सीवाला म्हणून. एकदा तर चांगला डॉक्टर होता, तरी अर्ध्यातच गेला.

हनीफ हसायचा. अन्वरीला हसू येत नसे. पडद्यावर का होईना, पोटचं पोर डोळे मिटतं हे बघून तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. प्रत्येक मरणानंतर ती बला टळावी म्हणून उझैरच्या फोटोवरून सदका उतरवायची आणि कोंबडी शिजवून बंदरावरच्या कामगारांना वाटायची. शेवटी एका ईदला व्हिडिओ कॉलवर तिचा बांध फुटला.

"बस झालं, बेटा. पुन्हा मेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

उझैर थोडा वेळ कॅमेऱ्यासमोरून उठून गेला. परत आला तेव्हा हसत होता. "खलास, अम्मी. नाही मरत."

शब्दाला जागला पोरगा. त्यानंतर तो टूथपेस्टच्या जाहिरातीत दिसला, कार्टूनमधल्या एका उंटाला त्याने आवाज दिला. मग तेही आटलं, आणि गेल्या रमजानच्या आधी तो दुबईला परतला. आता तिथल्या इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वस्तीत चौघांत एक फ्लॅट, आणि मॉलमध्ये माइक घेऊन लकी ड्रॉचे नंबर पुकारायचे. अन्वरीला वाटलं, अल्लाने आपलं ऐकलं. पोरगा जिताजागता घराजवळ आला, आणखी काय हवं?

गेल्या रविवारी तो फुजैराला जेवायला आला होता. धाकटी नौशीनही आली होती. जेवणं झाली, हनीफ कलंडला, उझैर आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीचा शर्ट इस्त्री करायला गेला. अन्वरीने टीव्ही लावला. पुष्कळ बक्षिसं मिळवलेला एक अमेरिकन पिक्चर चालू होता. जहाजाला आग लागते आणि जहाजावरचा भंडारी, आपल्याकडचाच कुणी गरीब स्वयंपाकी, बाकीच्यांना होडीत उतरवून स्वतः मागे राहतो. शेवटी तो फोनवर आईशी बोलत बोलत जीव सोडतो, तेव्हा अन्वरी ओढणीत तोंड लपवून रडली.

"काय काम केलंय गं," ती नौशीनला म्हणाली. "कुणाचं पोर हे? आईचं नाव काढलंन."

नौशीनने रिमोट उचलून आवाज बंद केला. "अम्मी, हा रोल आधी भाईला आला होता. साइन करायचं बाकी होतं फक्त."

"मग केला का नाही?"

"शेवटी मरतो ना तो."

अन्वरीने टीव्ही बंद केला. मग उठून आतल्या खोलीत गेली. उझैर कॉलरवर इस्त्री फिरवत होता.

"मला विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

खोटं बोलायला तिची जीभ वळली नाही. "नसते म्हणाले."

"जाऊ दे ना, अम्मी. ओल्ड स्टोरी."

"आता फोन कर त्यांना. हवं तेवढं मर. मी एक शब्द बोलणार नाही."

उझैरने इस्त्रीची वायर काढली. "आता कोणी बोलवत नाही. आणि तो दुसरा आहे ना, त्याला त्यानंतर एकदाही मरावं लागलं नाही. हीरो झाला तो. हीरो शेवटपर्यंत जगतो. मला तेवढं एकदाच मरायचं होतं, अम्मी."

त्याच्या आवाजात राग असता तर अन्वरीला सोसलं असतं. राग नव्हताच. त्याने शर्ट हँगरला लावला, आणि चहा टाकू का, असं तिला विचारलं.